घराची वेसण

पाडवा सरला की भिवराबाईचा एक डोळा आभाळाकडं आणि एक पत्र्याकडं लागायचा. तिचं गाव लिंबागणेशच्या वरच्या अंगाला, उघड्या माळावर. तिथं पाऊस चुकतो, वारं चुकत नाही. वैशाखात चार-आठ दिवस आभाळ तव्यासारखं तापतं, आणि मग एखाद्या दुपारी मावळतीकडून मातीची तांबडी भिंत चालत येते. तिच्यात पाणी थेंबभर आणि ताकद दहा बैलांची. कुणाचा कडबा जातो, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं जातं, आणि ज्याचं घर पत्र्याचं त्याचं छप्परच जातं. खांब आडवे झाले की लाईट जाते, ती पुन्हा कधी येईल याची बोली नाही.

अशा वाऱ्यात घर सांभाळायची एक रीत तिच्या नवऱ्यानं बसवली होती. त्रिंबक उभी हयात विहिरींवर राबला. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर ओढणारी यारी असते, तिच्यावर त्याचं काम. एकदा यारीची तार जुनी झाली म्हणून मालकानं बदलली आणि जुनी त्रिंबकला देऊन टाकली. बोटाएवढी जाड, पोलादाची, पीळ घातलेली. ती खांद्यावर टाकून तो घरी आला तेव्हा भिवराबाई म्हणाली होती, "लोकं बायकूला लुगडं आणत्यात."

"लुगडं वाऱ्यानं उडतं," त्रिंबक म्हणाला. "ही कुणाला उडू देत न्हाई."

तेव्हापासून दर साली पाडव्यानंतर ती तार घरावर चढायची आणि दसऱ्याला उतरायची. घर लांबट, एका उताराचं. मावळतीच्या भिंतीबाहेर एक मोठा दगड जमिनीत पुरलेला, उगवतीच्या भिंतीबाहेर दुसरा. तारेचं एक टोक या दगडाला, एक त्या दगडाला, आणि मधे सगळ्या पत्र्यांवरून तार आवळलेली. दोन टोकांना दोन पोरं. मधे घर आडवं, त्यामुळं त्यांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून त्रिंबक पत्र्यावर बसून हाळी द्यायचा. "उत्तऱ्या, ओढ. धर्मा, धरून ऱ्हा. सोडू नको. आता तू ओढ." शेवटी पहार घालून पीळ द्यायचा. तार अशी ताणली जायची, की बोट मारलं तर एकतारीसारखी बोलायची. मग तो खाली उतरून पटक्यानं तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "घातली घराला वेसण. आता ह्यो बैल कुठं जात न्हाई."

शेजारीपाजारी पत्र्यावर नुसते दगड ठेवायचे. वाऱ्यानं पत्रा उचलला की दगड आत, माणसांच्या अंगावर. त्रिंबकच्या घरावर कधी दगड चढला नाही.

तो त्रिंबक आषाढात गेला, आणि दिवाळीच्या आत घराचे दोन झाले.

निमित्त सोसायटीच्या निवडणुकीचं. थोरला उत्तरेश्वर कपबशीच्या पॅनलमधून उभा राहिला. धाकटा धर्मराज ऊसतोडीला जायचा, त्याच्या मुकादमाचा भाऊ विमानाच्या पॅनलमध्ये होता, म्हणून धर्मराज विमानासाठी दारोदार फिरला. उत्तरेश्वर निवडून आला, संचालक झाला, पण काठावर. पारावरच्या लोकांना तेवढंच पाहिजे होतं. "संचालक साहेब, घरची मतं विमानात बसून गेली म्हणं," असं कुणीतरी हसत म्हणालं, आणि त्या दिवशी दोघा भावांचं बोलणं जे बंद झालं ते झालंच.

मग वाटणी. पंचांनी जमीन वाटली, बैल वाटले, शेवटी घराला हात घातला. पत्रे मोजले तर एक जास्तीचा निघाला. मधला. तो कुणाचा, यावर सकाळची दुपार झाली. पंचांत शहादेव होता, त्रिंबकचा यारीवरचा जोडीदार. तो कंटाळून म्हणाला, "मधला म्हातारीचा. आता उठा, भुका लागल्यात."

तसं भिवराबाईच्या वाट्याला एका पत्र्याच्या रुंदीचं घर आलं. एका बाजूला उत्तरेश्वरनं विटांची भिंत उचलली, दुसऱ्या बाजूला धर्मराजनं तरट लावलं. मधल्या पट्ट्यात तिची खाट, ज्वारीची कोठी आणि खाटेखाली वेटोळं करून ठेवलेली तार. तार वाटणीत निघालीच नव्हती. पंचांना ती दिसली नाही आणि भिवराबाईनं दाखवली नाही.

तिला आता एवढंच पाहिजे होतं, की वारं यायच्या आत दोघांनी मिळून ती तार ओढावी. घराचे दोन झाले ते झाले, वेसण तरी एक राहावी. तार मुक्यानं ओढता येत नाही. त्या निमित्तानं भाऊ भावाशी बोलेल, आणि एकदा तोंड उघडलं की पुढचं पुढं. रात्रंदिवस तिच्या मनात हेच.

बाकीची तयारी तिच्या हातातली होती, ती तिनं चैत्रातच उरकली. साल दुष्काळाचं. गावची विहीर तळाला गेलेली, टँकर येईल तेव्हा येईल. तो आला त्या दिवशी तिनं दोन्ही घरांची पाण्याची टिपाडं भरून घेतली, वर फडकी आवळली आणि उरलेली रिकामी टिपाडं खुंट्याला बांधली, कारण रिकामं टिपाड वाऱ्यात गावभर हिंडून येतं. लाईट गेली की गिरणी बंद, म्हणून ज्वारी दळून आणून ठेवली. गवऱ्या आत घेतल्या. कंदील दोन होते. त्यांच्या काचा राखेनं घासल्या, वाती बदलल्या, राशनचं घासलेट दोन बाटल्यांत भरलं आणि एक कंदील, एक बाटली इकडं, एक तिकडं अशी घेऊन निघाली.

थोरली सून सत्यभामा म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडं इन्व्हर्टर घ्यायलेत. कंदील त्यांनाच द्या दोन्ही."

धाकटी छबु म्हणाली, "आमच्याकडं कशाला? आमची लाईट आकड्यावरची. ती असली तरी चोरून असती, गेली तरी कुणाला सांगता येत न्हाई."

"ठिव गुमान," भिवराबाई म्हणाली.

मग ती थोरल्याच्या दारात बसली. उत्तरेश्वर बशीत चहा ओतून फुंकर घालत होता.

"उत्तरा, तार चढवायची न्हाई का औंदा?"

"मला कशाला तार? मी लोखंडी अँगल टाकलेत, नवे हुक मारलेत. ज्याच्या बल्ल्या किडल्यात त्यानं बघावं."

"वारं काय मधल्या भिताडाला विचारून येतं का रं?"

उत्तरेश्वरनं बशी खाली ठेवली. "त्यानं माझ्या दारात यावं. म्हणावं, दादा, तार ओढायची. मी लगीच उठतो. पण आधी त्यानं म्हणावं."

ती तशीच उठून धाकट्याकडं गेली. धर्मराज नुकताच तोडणीवरून आलेला, पाठीवर उसाच्या पाचटानं कापल्याचे ओरखडे अजून ताजे होते. तो हसला.

"संचालक साहेबाला म्हणाव, सोसायटीत ठराव मांडा. सूचक, अनुमोदक, समदं होऊ द्या. मंजूर झाला की येतो मी तार ओढाया."

"मस्करी कावून करायला? ते वर दगुड कुणी ठिवले?"

"मीच. मला काय त्याच्यावानी हुक परवडत्यात?"

"तुझ्या बापानं जलमात पत्र्यावर दगुड ठिवला न्हाई."

"बाप गेला, माय," धर्मराज म्हणाला. हे मात्र तो हसत म्हणाला नाही.

शेवटी ती शहादेवकडं गेली. शहादेव लिंबाखाली पडला होता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि उठून बसला.

"वैनी, पंचाईत म्हणाल तं मी पुन्यांदा करायचो न्हाई. मागच्या टायमाला एका पत्र्यापायी उपाशी मेलतो. पण येक सांगतो. आखिती आली. त्रिंबकची पहिली आखिती. बापाला पाणी द्यायला दोघं बी येत्याल, न यून सांगत्यात कुणाला? त्याच दिवशी तार भाईर काढा."

भिवराबाईला ते पटलं. आखितीला पितरांसाठी मातीचं लहान मडकं पाण्यानं भरून पुजतात, त्याला केळी म्हणतात. घरात कुणी गेलं असेल तर त्याच्या पहिल्या आखितीला सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं, एकच केळी भरायची. बापासमोर तरी कोण कुणाला पाठ दाखवील? तिनं कुंभाराकडून केळी आणली. पुरण शिजवलं. मधल्या पट्ट्यात जमीन सारवून पाट मांडला आणि दोघांनाही बोलावणं धाडलं.

दोघांनीही सांगून पाठवलं, येतो. पण उत्तरेश्वरनं आपली केळी आणली होती, ती त्यानं आपल्या उंबऱ्याशी पुजली. धर्मराजनंही आणली होती, त्यानं आपल्या. पूजा झाल्यावर दोघं मधल्या पट्ट्यात आले, आईच्या केळीला हात जोडले, एकानं डावीकडं बघितलं, एकानं उजवीकडं. जलमभर दुसऱ्याच्या विहिरींवर राबून ज्यानं पाणी वर काढलं, त्याला आज घोटभर पाण्यासाठी तीन दारं फिरायची पाळी आली होती. तिनं वाढलं. दोघं जेवले. दुसरी पोळी कुणी घेतली नाही.

हात धुवायला दोघं बाहेर गेले तशी तिनं खाटेखालून तार ओढून काढली. ओढत ओढत अंगणात आणली, दोघांच्या मधे टाकली. दोघं तारेकडं बघत राहिले. पहिला हात कुणी घालायचा?

भिवराबाईनं शिडी लावली. डोक्यावर गोणपाट घेतलं, तारेचा मधला भाग काखेत धरला आणि एक एक पायरी करत वर चढली. साठी तिनं कधीच ओलांडली होती. वर पत्रा असा तापलेला, की पाय टेकवेना. तिनं गोणपाट टाकलं आणि आपल्या वाटणीच्या पत्र्यावर मांडी घालून बसली.

"माय, खाली ये," उत्तरेश्वर म्हणाला. "लोकं बघायलेत."

"बघू दे. त्यास्नी म्हणाव, मतं मागाया चढलीया."

"पडशील तिथून," धर्मराज म्हणाला.

"पडले तर दोघं खांदा देताल का, का त्याचे बी वाटे करताल? धरा टोकं. ओढल्याबिगर मी खाली येत न्हाई."

मग उत्तरेश्वरनं वाकून आपलं टोक उचललं आणि मावळतीला गेला. धर्मराजनं दुसरं उचललं आणि उगवतीला गेला. दोघं भिंतीआड झाले. भिवराबाईला दोघांची डोकी दिसत होती, त्यांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं.

"उत्तरा, ओढ," ती म्हणाली. आवाज तिचा, बोल त्रिंबकचे. "धर्मा, धरून ऱ्हा. सोडू नको. आता तू ओढ."

तार सरकली, पत्र्यावर करकरली, हुकांच्या डोक्यांवरून उचलून तिनं ती सरळ केली. दोघांचे दंड फुगले. लहानपणापासून ओढलेली तार, हातांना काही शिकवावं लागलं नाही. उत्तरेश्वरनं आपल्या टोकाला पहार घातली तेव्हा धर्मराज वर बघून म्हणाला, "त्याला म्हणाव, जरा दमानं."

"तूच म्हण," भिवराबाई म्हणाली.

धर्मराजनं भिंतीकडं तोंड करून, कुणालाच न म्हटल्यासारखं म्हटलं, "दमानं."

भिंतीपलीकडून आवाज आला, "हं."

दिवाळीपासून दोघा भावांत झालेलं बोलणं ते एवढंच. भिवराबाईनं तारेला बोट मारलं. तार बोलली. ती खाली उतरली तेव्हा तळपाय भाजून लाल झाले होते. सत्यभामानं तूप आणून लावलं, तर म्हणाली, "राहू दे, काय होत न्हाई मला."

ते दगड तेवढे काढ, असं तिनं धर्मराजला दोनदा सांगितलं. तो उद्या म्हणाला.

मधे दोन-चार दिवस गेले. एका दुपारी चहाच्या वेळेला गावातले कावळे एकदम गप्प झाले. भिवराबाई अंगणात होती. मावळतीला डोंगराची रेघ दिसेना, तिथं तांबडं दिसलं. तिनं शेळ्या आत ओढल्या, चुलीवर पाणी ओतलं, दोन्ही सुनांना हाक दिली, "पोरींनो, फ्यूज काढा, आत बसा." फ्यूज काढायच्या आधीच लाईट गेली.

वारं आलं तसा दिवसाचा अंधार झाला. माती दारातून, फटीतून, नाकातोंडातून आत. मग पत्र्यावर टणटण गारा वाजल्या, बोराएवढ्या. गारा पडायला लागल्या की अंगणात लोखंड फेकायचं, म्हणजे आभाळ निवतं, ही तिच्या सासूची शिकवण. हाताशी कुऱ्हाड होती, ती तिनं दार किलकिलं करून अंगणात फेकली आणि खाटेवर पाय वर घेऊन बसली.

डोक्यावर तार घुमत होती. वारं वाढलं की आवाज बारीक व्हायचा, ओसरलं की जाड. ती तोच आवाज ऐकत बसली होती. जोवर तार बोलतेय तोवर घर आहे. तरटाच्या पलीकडं धर्मराजचे पत्रे फडफडत होते, किडक्या बल्ल्या कुरकुरत होत्या, वरचे दगड गडगडत इकडचे तिकडं जात होते. धर्मराज आतून पत्र्याला दोरी लावून लोंबकळत होता. त्याच्या बाजूचा पत्रा उचलला की तारेला हिसका बसायचा, आणि तो हिसका सगळ्या घरातून पलीकडं, उत्तरेश्वरच्या अंगापर्यंत जायचा. तिकडचे नवे हुक कचकच वाजायचे.

तेवढ्यात मावळतीच्या भिंतीबाहेर घाव ऐकू आले. दगडावर लोखंडाचे. वाऱ्यातसुद्धा स्पष्ट. भिवराबाईला वाटलं, उत्तरा बाहेर गेला. एवढ्या गारांत दगडाशी पाचर ठोकतोय, तार सैल पडू नये म्हणून. बापाचं लेकरू, ती मनात म्हणाली. शेवटाला भावासाठी उठलंच.

आणि तार बोलायची थांबली.

आधी तिचा पत्रा गेला. कुणी डोक्यावरचा पदर ओढावा तसा. वर एकदम आभाळ. मग त्या फटीतून वारं आत शिरलं आणि धर्मराजचं सगळं छप्पर एका बाजूनं सोललं गेलं. दगड आत पडले. छबु एकदाच ओरडली. मग उत्तरेश्वरचे पत्रे, नव्या हुकांसकट, लोखंडी अँगलसकट, उठले आणि नांगरलेल्या रानात जाऊन पडले.

सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. मग वारं निघून गेलं आणि मावळतीला स्वच्छ ऊन पडलं. जमीन नीट भिजलीसुद्धा नव्हती.

छबुच्या उजव्या हातावर दगड पडला होता. कोपराच्या खाली हात वाकडा झालेला. धर्मराजनं तो लुगड्याच्या धडप्यात बांधून तिला मोटारसायकलवर बसवलं. तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिचा हात गेला तर कोयता गेला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. किक मारता मारता तो म्हणाला, "माय, तार कावून सुटली गं?" आणि ती काही म्हणायच्या आत लिंबागणेशकडं निघून गेला.

भिवराबाई मावळतीच्या दगडाकडं गेली. तारेचं टोक जमिनीवर पडलं होतं. अर्धे पदर तोडल्यासारखे सरळ, एका रेघेत. बाकीचे मागून ताणानं तुटलेले. पुरलेल्या दगडावर पांढरे टवके उडाले होते आणि शेजारी कुऱ्हाड पडली होती. तिचीच, गारांत अंगणात फेकलेली.

उत्तरेश्वर भिंतीला टेकून बसला होता. अंगभर माती. कपाळावर गार लागून टेंगूळ आलेलं.

"त्याचे पत्रे माझ्यावाले ओढीत नेत होते, माय," तो म्हणाला. "तारेसंगं. मला वाटलं, गाठ सुटंना, तोडून टाकावी. माझं तरी..."

भिवराबाईनं त्याच्याकडं बघितलं. ह्याला तिनं नवसानं मागितला होता. तिनं कुऱ्हाड उचलून आत नेऊन ठेवली. परत आली, तारेचं टोक दगडावर घेतलं, हाताला येईल तो धोंडा उचलला आणि टोक ठेचायला लागली. सरळ कापलेले पदर वाकले, उकलले, एकातून एक सुटले. पोलाद चिवट होतं. त्रिंबकनं दर दसऱ्याला काळं तेल चोळून त्याला गंज चढू दिला नव्हता. ती ठेचत राहिली, दम लागला की थांबली, पुन्हा ठेचलं. तिच्या बोटाचं साल निघालं. टोक केरसुणीसारखं विसकटलं, कुठं काय तुटलं आणि कुठं काय तोडलं ते कुणाला सांगता येऊ नये इतकं, तेव्हाच तिनं धोंडा टाकला. दगडावरच्या टवक्यांवर तिनं माती चोळली.

उत्तरेश्वर सगळं बघत होता. तो उठला नाही, आडवाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराज छबुला घेऊन आला. हात प्लास्टरमधे. डॉक्टरनं सांगितलं होतं, औंदा कोयता विसरा. तो आल्या आल्या तारेपाशी गेला, टोक हातात घेतलं, बोटांनी पदर चाळवले.

"तुटली?"

"जुनी झालती," भिवराबाई म्हणाली. "यारीवरच झिजलेली. किती दिस टिकल?"

धर्मराजनं उकिडवं बसून टोक खाली ठेवलं. मग उठला. रानात उत्तरेश्वर एकटा आपले वाकलेले पत्रे गोळा करत होता. धर्मराज सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. भिवराबाई उघड्या घराच्या दारातून बघत होती, आणि माळावर वारं पडलेलं, म्हणून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"दादा," धर्मराज म्हणाला. "तुझी बी चूक न्हाई, माझी बी न्हाई. तार जुनी होती. तिनं तरी किती धरायचं? माझे दगुड मातर मी काढाय पायजे होते, माय सांगत होती. जाऊ दे. पुढल्या साली नवी आणू. दोघं मिळून आणू. इलेक्शनचं मी काय धरून बसलो न्हाई."

सहा महिने देवाला जे मागितलं ते तिच्या डोळ्यांदेखत होत होतं. धाकटा स्वतःहून दारात नव्हे, रानात गेला होता. दादा म्हणाला होता. आता थोरल्यानं एक हं म्हणायचं होतं. भिंतीआडून म्हणाला होता तसं.

उत्तरेश्वरनं वर बघितलं. धर्मराजच्या पलीकडं, लिंबाच्या सावलीत छबु बसली होती, गळ्यात अडकवलेला पांढरा हात घेऊन. त्यानं तो हात बघितला. मग घराकडं, आईकडं बघितलं. त्याचं तोंड उघडल्यासारखं झालं. भिवराबाईनं मान हलवली. नको, अशी. सांगू नको. त्याला तेवढं कळलं, का काहीच कळलं नाही, देव जाणे. त्यानं खाली बघितलं, पत्रा उचलला आणि दुसऱ्या पत्र्यावर ठेवला.

"दादा, मी काय म्हणायलो?"

उत्तरेश्वरनं आणखी एक पत्रा उचलला.

दुपारी ट्रॅक्टर आला. थोरल्यानं पत्रे भरले, अँगल भरले, सत्यभामानं भांडी भरली. शेतातल्या वस्तीवर शेड मारायचं ठरलं, असं तिनंच रडत रडत सासूला सांगितलं. का ठरलं ते तिलाही माहीत नव्हतं. उत्तरेश्वर आईच्या पाया पडला, पण मान वर केली नाही. ट्रॅक्टर गाडीवाटेला लागला तेव्हा तो मागं, पत्र्यांच्या ढिगावर पाठ करून बसला होता.

धर्मराज अंगणात उभा राहून ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग आईजवळ येऊन जमिनीवर बसला. लहानपणी मार खाऊन यायचा, तेव्हा बसायचा तसा.

"मी काय वंगाळ बोललो का, माय?"

"न्हाई बाबा."

"मी आपणहून गेलतो. दादा म्हणालो. माझ्या बायकूचा हात मोडला तरी मी गेलतो. आन् त्यो तोंडातून शबुद काढीना. येवढा राग?"

भिवराबाईच्या जिभेवर सगळं आलं. समोर हा, गाडीवाटेवर तो. ह्याला खरं सांगितलं तर तो कायमचा जाणार, आणि न सांगून तो गेलाच होता. तिनं धर्मराजच्या केसांतली माती झाडली.

"येवढा राग, माय?" त्यानं पुन्हा विचारलं.

उघड्या घरात ऊन आत आलं होतं, छबुला तहान लागली होती, आणि टिपाडात पाणी किती उरलंय ते बघायला ती उठली.